दगडाचा पत्ता

उदगीर तालुक्याने माझ्या वडिलांच्या हयातीत तीन जिल्हे पाहिले. 1956पर्यंत आम्ही हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होतो, मग उस्मानाबादेत गेलो आणि 16 ऑगस्ट 1982ला लातुरात आलो. त्यातल्या उस्मानाबादचंही आता धाराशिव झालं. भूमी अभिलेखात भूकरमापक म्हणून आयुष्य गेलेल्या माणसाला याचं फारसं नवल वाटत नाही. हद्दी सरकतात, दप्तरांचे गठ्ठे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जातात, सातबाऱ्यावरच्या जिल्ह्याचं नाव बदलतं. जमीन जिथल्या तिथं असते, भांडणंही.

पण जुन्या वास्तू, शिलालेख, वीरगळ यांच्या बाबतीत हे जिल्हा बदलणं किती महागात पडतं ते मला निवृत्तीनंतर कळलं. आमच्या किल्ल्याबद्दल कुणी काय लिहून ठेवलंय ते शोधायचं, तर निजामाच्या पुरातत्त्व खात्याच्या अहवालांत बीदरखाली बघावं लागतं, जुन्या गॅझेटिअरमध्ये उस्मानाबादखाली आणि अलीकडचं लातूरखाली. निजामाने हे खातं 1914 साली काढलं आणि त्याची धुरा गुलाम यझदानींकडे दिली. माणूस कामाचा होता. त्यांचा बीदरवरचा 1947चा ग्रंथ आजही अभ्यासकांना चुकवता येत नाही. त्यांच्या खात्याचे वार्षिक अहवाल कुणीतरी स्कॅन करून नेटवर ठेवलेत, म्हणून माझ्यासारख्याला ते उदगीरच्या घरात बसून वाचता आले. एरवी हैदराबादला जाऊन ग्रंथालयात ओळख काढावी लागली असती. खुल्या माहितीशी माझी पहिली गाठ पडली ती अशी, घेणारा म्हणून. देणारा व्हायला पुढे बराच वेळ गेला.

नोकरीत मी शिवार पायी तुडवलं. मोजणीला गेलं की धुऱ्यावर, विहिरीच्या काठावर, मारुतीच्या पाठीमागे असा एखादा दगड दिसायचा. वर सूर्य-चंद्र, खाली घोड्यावरचा वीर, कधी कोपरात वाकवलेला बांगड्यांचा हात. गावाने त्याला शेंदूर लावून म्हसोबा केलेला. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथंही एखादा वीरगळ शिवेचा दगड म्हणून रोवलेला सापडायचा. मोजणीच्या कागदात त्याला जागा नव्हती. मी वहीच्या शेवटच्या पानांवर गट नंबर, जवळची खूण आणि एक चित्र काढून ठेवत असे. कशासाठी, ते तेव्हा ठरवलेलं नव्हतं.

निवृत्तीनंतर गल्लीतल्या एका पोराने माझ्या त्या वह्या पाहिल्या. लातूरला इंजिनिअरिंग शिकत होता. म्हणाला, ‘काका, हे सगळं क्यूजीआयएसमध्ये घालता येतं, आणि फुकट आहे ते.’ फुकट म्हटल्यावर माझा विश्वास बसला नाही. नोकरीत नकाशाची सॉफ्टवेअरं आम्ही लायसन्सच्या दोऱ्या सांभाळत वापरली होती. हे मात्र जगभरच्या लोकांनी मिळून 2002पासून घडवलेलं, कुणीही उतरवून घ्यावं असं. आम्ही स्कॅन केलेला गाव नकाशा त्यात घेतला. जुनी विहीर, देवळाचा कोपरा, ओढ्यावरचा पूल, शिवेचा दगड असे पक्के बिंदू उपग्रहाच्या चित्रावर जुळवले, आणि नकाशा ताणून जागेवर बसवला. माझ्या वहीतला ‘गट अमुक, लिंबाखाली’ असा दगड पडद्यावर एक ठिपका होऊन आला. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या 56 एफ/3 शीटवर उदगीर आहे. ती पाहताना जे समाधान मिळायचं त्याच जातीचं समाधान होतं ते.

आणि तिथंच माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. जिल्हा बदलतो, गट नंबर बदलतो, गावाचं नाव बदलतं. ‘देवळासमोर’ असं जुन्या पुस्तकात लिहिलेलं असतं. देऊळ जीर्णोद्धारात फिरतं, लिंब वठतो. दगडाचा टिकाऊ पत्ता एकच, अक्षांश आणि रेखांश. हा पत्ता सगळ्यांना देऊन टाकावा असं मला त्या वेळी फार वाटत होतं.

किल्ल्यापासून सुरुवात केली. उदगीरचा किल्ला म्हटलं की लोकांना 3 फेब्रुवारी 1760ची लढाई आठवते. सदाशिवराव भाऊंनी निजामाला इथं नमवलं, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा मराठ्यांच्या बाजूने होत्या, साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख पदरात पडला, आणि इथूनच भाऊ परतूरमार्गे पानिपताच्या वाटेला लागले. इतिहास सगळ्यांना तोंडपाठ आहे. किल्ल्याचे फोटोही भरपूर आहेत. 2022च्या एप्रिलमध्ये इथं 95वं साहित्य संमेलन झालं तेव्हा तर निम्मा महाराष्ट्र किल्ल्यात फोटो काढून गेला. पण त्या हजारो फोटोंतून तुम्ही मला किल्ल्याचा एक बुरूज ओळखून दाखवा. दरवाज्याची कमान, कमानीखाली माणसं, मागे आभाळ. कोणता दरवाजा, कोणत्या दिशेने काढला, कधी काढला, काही नाही. ड्रोनच्या चित्रफिती आहेत, त्यांना संगीत आहे. मापं नाहीत.

आम्ही ओपनस्ट्रीटमॅपवर तट, बुरूज, दरवाजे, खंदक, हौद एकेक करून आखले. उदयगीर महाराजांची समाधी, जिच्यावरून गावाचं नाव सांगतात, तीही. दरवाज्यांवरच्या फार्सी लेखांना आम्ही क्रमांक दिले, आणि प्रत्येकाचा समोरून एक फोटो आणि बाजूने तिरप्या उजेडात एक फोटो घेतला. सकाळी ऊन तिरकं असतं तेव्हा उठावाच्या अक्षरांना सावली मिळते, हे मला उर्दू शाळेतल्या एका निवृत्त गुरुजींनी सांगितलं. तेच आमचे फार्सीचे वाचक. एका लेखासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ‘हिजरी सन वाचता येतो, पण मधला शब्द मी सांगणार नाही. अंदाजाने सांगितलेलं तुम्ही इंटरनेटवर टाकाल, आणि मग तेच खरं होऊन बसेल.’ या एका वाक्यासाठी मी त्यांना गुरू मानतो. त्या शब्दाच्या जागी आम्ही प्रश्नचिन्ह ठेवलं. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर चढवले, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याने. म्हणजे कुणीही वापरावा, फक्त कुणी काढला ते सांगावं. बहुतेक जण ते सांगत नाहीत. मला त्याचा राग येत नाही. फोटोखाली चुकीचा किल्ला लिहितात त्याचा मात्र येतो.

इथं बाहेरच्यांना एक सांगायला हवं. उदगीरचा माणूस घरात मराठी बोलतो, बाजारात उर्दू, बीदरच्या बाजूच्या सोयऱ्यांशी कानडी, आणि देगलूरच्या पलीकडे तेलुगू ऐकतो. दगडांचंही तसंच. जुने दानलेख पुष्कळदा हळेकन्नडात, किल्ल्यांवरचे फार्सीत आणि अरबीत, यादवकाळातले मराठी-संस्कृतात. अरबी-फार्सी लेखांची केंद्र सरकारची शाखा नागपुरात आहे, संस्कृत आणि द्राविडी लेखांची म्हैसुरात. म्हणजे आमच्या तालुक्यातला दगड वाचणारा माणूस आमच्या तालुक्यात जवळजवळ नसतोच. श्रीनिवास रित्ती आणि शेळके यांनी 1968 साली नांदेड जिल्ह्यातल्या लेखांचं पुस्तक काढलं, त्यात रित्ती धारवाडच्या परंपरेतले. ही जोडी जमली म्हणून ते पुस्तक झालं. सोलापूरच्या आनंद कुंभारांचंही तसंच, वीज मंडळातली साधी नोकरी सांभाळून त्यांनी गावोगाव लेख शोधले आणि पुढे 1988 साली रित्तींबरोबरच ते ग्रंथरूपात आले. दगड पाहिलेला माणूस आणि दगड वाचू शकणारा माणूस यांची भेट व्हावी लागते. पूर्वी ती पत्रांवर, ठशांवर आणि नशिबावर होती.

आमच्या वाट्याला अशी एक भेट आली ती तालुक्यातल्या एका गावात. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे येईल.

मारुतीच्या देवळामागे कमरेइतका दगड. वर सूर्य-चंद्र, मधे शिवलिंग, गाय-वासरू, आणि खाली ओळी. खालचा वीतभर भाग नव्या ओट्याच्या सिमेंटात गेलेला. शेंदराचे थर, त्यावर कुणीतरी मारलेला नारिंगी ऑइल पेंट. अक्षरं आहेत हे बोटाला कळत होतं, डोळ्याला नाही. हौशी मंडळी अशा वेळी तारेचा ब्रश काढतात, नाही तर अक्षरांत खडू किंवा पीठ भरून फोटो घेतात. दोन्ही वाईट. ब्रशने दगडाची कड जाते. आणि पीठ भरणारा त्याला जे अक्षर वाटतं तेच भरतो, म्हणजे दगड वाचण्याआधीच लिहून मोकळा होतो. आमच्याबरोबरच्या पोरांना मी एकच नियम सांगितला होता, दगडाला हात लावायचा तो पाया पडण्यापुरता.

आभाळ आलेलं होतं, म्हणजे सावल्या नाहीत, हे चांगलं. पोराने साध्या मोबाइलने दगडाभोवती फिरत फोटो घेतले. आधी गुडघ्याच्या उंचीवरून एक फेरी, मग छातीच्या, मग हात वर करून. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साठ-सत्तर टक्के भाग आला पाहिजे, फ्लॅश बंद, आणि दगडाशेजारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची माझी मोजपट्टी उभी. तेवढ्यात एक म्हातारी तेलाची वाटी घेऊन आली. ‘काय करायलाव रे देवाला?’ पोराने सांगितलं, आजी, फोटू काढायलाव. म्हणाली, ‘मग एवढे कशाला? एकच देव हाय.’ तिला तेल घालू दिलं. तेल लागलेला दगड चमकतो आणि चमकणाऱ्या पृष्ठभागावर सॉफ्टवेअर गोंधळतं, म्हणून आम्ही पारावर बसून तेल मुरायची वाट पाहिली. आजींनी मग गावातल्या दुसऱ्या दोन दगडांची माहिती दिली, त्यातला एक मला माझ्या सगळ्या नोकरीत दिसला नव्हता.

फोटो मेशरूम नावाच्या खुल्या सॉफ्टवेअरला दिले. त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, ते पोराच्या गेम खेळायच्या कॉम्प्युटरात होतं. रात्रभर पंखा घोंघावत राहिला आणि सकाळी पडद्यावर दगड उभा, फिरवता येणारा. तो मेशलॅबमध्ये घेतला. हे इटलीतल्या पिसा शहरातल्या संशोधन संस्थेने केलेलं. त्यात पोराने रंग काढून टाकला. नारिंगी गेलं, राखाडी मातीचा असावा तसा दगड राहिला. मग उंच-सखलपणा ठळक करणारी एक सोय लावली, आणि उजेड पडद्यावरच डावीकडून उजवीकडे फिरवायला लागला. एका कोनात ओळ उमटली. थरांखाली बोथट झालेली, पण गोल, वळणदार, एकाखाली एक. मला त्यातलं अक्षर ओळखू आलं नाही. तरी खुर्ची पुढे ओढून मी पुन्हापुन्हा तोच कोन लावायला सांगत होतो.

ते प्रतिरूप धारवाडकडच्या एका अभ्यासकांना पाठवलं. पूर्वी त्यांना कागदी ठसा पाठवला असता, तर एकच चित्र मिळालं असतं. आता त्यांनी आपल्या घरात दगड फिरवला, हवा तिथून उजेड टाकला. आठवडाभराने पहिल्या काही ओळींचं वाचन आलं. देवाला दिलेली जमीन, तिचं माप ‘मत्तर’ मध्ये. चालुक्यांच्या काळच्या अशा लेखांत जमीन कोणत्या काठीने मोजली तेही सांगायची रीत आहे, म्हणजे काठी वेगळी तर मत्तर वेगळं. मी 33 फुटी शंकू साखळी हाताळलेला माणूस. ‘कुठल्या साखळीने मोजलं?’ यावर बांधाबांधावर माणसं हमरीतुमरीवर आलेली पाहिलीत. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या मोजणीदाराला तोच प्रश्न दगडात मिटवून ठेवावा लागला होता, हे वाचून मला त्याच्याबद्दल भाऊबंदासारखं वाटलं. पुढे दुसऱ्या एका वाचकाने एका अक्षरावर हरकत घेतली. दोन्ही वाचनं आम्ही शेजारी ठेवली. प्रतिरूप खुलं आहे, तिसऱ्याने येऊन बघावं. बेंगळुरूच्या मिथिक सोसायटीने शहरातले शिलालेख असेच त्रिमितीत स्कॅन करून खुले केलेत. ते पाहूनच पोराने हे शिकून घेतलं होतं.

आता गावाचं नाव का नाही, ते.

वाचन आल्याचं सांगायला आम्ही त्या गावात गेलो तेव्हा पोलीस पाटील आम्हाला देवळापासून थोडं लांब, ओढ्याकाठच्या दुसऱ्या दगडाकडे घेऊन गेले. दगडाच्या पायाशी पुरुषभर खोल खड्डा. कडेला लिंबं, हळद-कुंकू. ‘गुप्तधनवाले,’ ते म्हणाले. ‘सूर्य-चंद्र दिसला की यांना वाटतं खाली हंडा हाय. साहेब, तुमी फोटू टाका, अक्षरं टाका. जागा नका टाकू.’ मराठवाड्यात हे नवीन नाही. 1878चा निखात निधीचा कायदा सांगतो की जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवा. पण जो अमावस्येला कुदळ घेऊन निघतो त्याला कलम सांगून काय होणार? उलट आज त्याच्या हातात मोबाइल आहे, आणि मी माझ्या खुल्या नकाशाने त्याला थेट दगडापर्यंत नेऊन सोडणार होतो, तीन-चार मीटरच्या अंतरात.

अडचण साधी नव्हती. मी जन्मभर ज्या एका पत्त्यावर विश्वास ठेवला, जो जिल्हे बदलले तरी बदलत नाही, तोच लपवायचा. आणि लपवलेली नोंद पुढे कुणाच्या कामाची? या खुलेपणाच्या चळवळीत काही मंडळी अशी आहेत की ‘माहिती म्हणजे सगळी माहिती’ म्हणतात. त्यांच्या गावात राखणदार असावा. इंग्लंड-वेल्समध्ये लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना 1997पासून चालते, ब्रिटिश म्युझियमच्या आधाराने, दहा लाखांहून अधिक वस्तू तिथं कुणालाही पाहता येतात. पण वस्तू नेमकी कुठं सापडली हे जनतेला ढोबळच दाखवतात. बारीक पत्ता अभ्यासकाला, रीतसर मागितल्यावर. हे वाचलं तेव्हा बरं वाटलं की पाटलांनी सांगितलेलं काही अडाणीपणाचं नव्हतं.

आम्ही तसंच केलं. किल्ला, मोठी देवळं, जिथं माणसांचा राबता आहे, त्यांचे ठिपके नकाशावर उघडे. रानातल्या एकट्या दगडांचे फोटो, मापं, प्रतिरूप, वाचन सगळं खुलं, पण ठिकाण फक्त तालुका. कॅमेऱ्याचा फोन फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश गुपचूप लिहून ठेवतो, तो पत्ता फोटो चढवण्याआधी पुसायचा. हे फार जणांना माहीत नसतं. दगडाचा फोटो व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की पत्ताही जातो.

गावकऱ्यांना विचारून ठरवायचं, याला दुसरी बाजूही आहे. एका गावात विचारलं तर म्हणाले, काहीच टाकू नका, फोटोही नको. आम्ही टाकला नाही. त्या दगडावर पुढच्या वर्षी फरशी बसली. माझ्याकडे त्याचे फोटो आहेत, दाखवता येत नाहीत. मला वाटतं तेव्हा आणखी थोडं समजवायला हवं होतं, पण गावाच्या देवाबद्दल हुज्जत किती घालायची?

आणि नोंद न ठेवण्याची किंमत मी पाहिलेली आहे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी नोकरीत नवा होतो. 52 गावं उठून दुसरीकडे वसवली गेली. नव्या गावठाणांचे प्लॉट आखायला आमच्यासारखे पुष्कळ जण होते, दिवसचे दिवस उन्हात. त्या जुन्या गावांत जाड दगडी भिंती होत्या आणि वर माळवद, हात-दीड हात मातीचं. ती माती बहुधा गावच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्याच टेकाडातून आणलेली. पुरातत्त्ववाले ज्या पांढरीत सातवाहनांची खापरं शोधतात तीच लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या उपसून डोक्यावर घेतली होती, आणि त्या रात्री तीच अंगावर आली. मेलेल्यांची, जनावरांची, घरांची यादी झाली. ती आधी व्हायलाच हवी होती. पारावरचे वीरगळ, गढीचे दरवाजे, देवळातल्या जुन्या मूर्ती यांची यादी करणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. काही दगड लोकांनी बैलगाडीत घालून नव्या गावी नेले. कोणता कुठून आला हे आज नव्या गावच्या पोराला विचारा. त्या वेळी हातात आजच्यासारखा फोन असता तर, असं मनात येतं. पण तसं तर काय काय असतं.

म्हणून अक्षांश-रेखांशांची बंद यादी आम्ही फेकून दिली नाही. ती एका फाइलमध्ये आहे, कुलूप लावून. एक प्रत माझ्याकडे, एक त्या पोराकडे, जो आता पुण्यात नोकरीला आहे, आणि एक कागदावर छापून, कारण मी कागदाचा माणूस. शिवाय प्रत्येक गावाचं त्याचं त्याचं पान त्या गावाला. खुल्या नोंदीत दगडाला जो क्रमांक आहे तोच बंद यादीत आहे, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणी दोन्ही शेजारी ठेवले तर जुळतील. माझ्यानंतर ती यादी कुणाकडे द्यावी यावर मात्र आमचं एकमत नाही. पोरगा म्हणतो विद्यापीठ, मी म्हणतो एकाच ठिकाणी नको.

मागच्या महिन्यात एका गावचे सरपंच आले. देवस्थानाच्या विकासाचा प्रस्ताव करायचा होता, दगडाची माहिती आणि नकाशा हवा म्हणाले. मी त्यांच्या गावाचं पान काढून दिलं, सही घेतली. मग त्यांनी शेजारच्या गावचंही मागितलं, ‘तेबी आमच्याच गटात येतंय’ म्हणून. ते दिलं नाही. त्या गावच्या माणसाला सोबत घेऊन या म्हटलं. अजून आलेले नाहीत.